स्तनाचा कर्करोग आणि थकवा: पडून राहावे की चालावे?

"डॉक्टर, दिवसभर झोपून असते, तरी अंगात त्राण नाही." केमोथेरपी सुरू असलेल्या अनेक बायका हेच सांगतात. घरचे म्हणतात, "तू काही करू नको, पडून राहा." सल्ला मायेचा असतो, पण त्याने थकवा बहुधा वाढतो.

थकवा का येतो?

हाडांच्या आतल्या मगजात रक्तपेशी तयार होतात. केमोच्या औषधांचा तिथेही परिणाम होतो आणि हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कमी होतात. त्यात जेवण जात नाही, झोप लागत नाही. शिवाय पडून राहिल्याने स्नायू रोडावतात आणि मग चार पावले चालले तरी धाप लागते.

व्यायामाने काय फायदा होतो?

थकवा कमी होतो, याचा पुरावा भक्कम आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांमध्ये योगाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये मांडले. योग करणाऱ्या गटात थकवा आणि वेदना कमी आढळल्या. मात्र व्यायामाने हिमोग्लोबिन नक्की वाढतेच, असे सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका आणि रक्त चढवायला सांगितले तर टाळू नका.

किती आणि कसा करावा?

सुरुवात घराच्या अंगणात ५ ते १० मिनिटे चालण्याने करा. हळूहळू आठवड्यातून ३ दिवस, ३० मिनिटांपर्यंत जा. चालताना बोलता आले पाहिजे. आठवड्यातून २ दिवस खुर्चीवरून उठणे-बसणे, अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलणे असे हलके व्यायाम करा. शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम कधी सुरू करायचे, ते सर्जनला विचारा. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी ८ च्या आत चालून घ्या.

"शेतात जाते, तोच व्यायाम नाही का?"

नाही. उन्हात तासन्‌तास निंदणी करण्यात किंवा हळद काढण्यात वेळ आणि जोर तुमच्या हातात राहत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला जखम झाली तर जंतुसंसर्ग आणि सूज येऊ शकते.

कधी थांबावे?

- हिमोग्लोबिन ८ पेक्षा किंवा प्लेटलेट ५०,००० पेक्षा कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नको.
- छातीत दुखणे, चक्कर, बसल्या जागी धाप लागणे किंवा रक्तस्राव झाल्यास लगेच दवाखाना गाठा.
- कर्करोग हाडांत पसरला असेल, तर वजन उचलण्याआधी विचारा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त आला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. उपचार नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला चालू असले, तरी आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठा, केमोची फाईल सोबत न्या.

आणि घरच्यांनो, "पडून राहा" म्हणण्याऐवजी संध्याकाळी तिच्यासोबत दहा मिनिटे चाला.