जुना ट्रॅक्टर घेताना : ओढतो किती, आणि थांबतो कसा?



गळीत हंगाम संपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, की गावोगाव जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. ऊस वाहतुकीसाठी नवा ट्रॅक्टर घेणे प्रत्येकाला झेपत नाही, आणि जुना घेण्यात कमीपणा तर मुळीच नाही. नीट पारखून घेतलेला जुना ट्रॅक्टर बरेच हंगाम निभावून नेतो. पण आपण रंग पाहतो, टायर पाहतो, एक चक्कर मारतो आणि विसार देऊन मोकळे होतो. मग दिवाळीनंतर ऐन तोडणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आणि भरलेली ट्रॉली फडात, अशी गत होते. सबब काय पाहावे ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

काम आधी ठरवा. घरची मशागत आणि एक ट्रॉली एवढेच काम असेल तर पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो. दोन ट्रॉल्या जोडायच्या असतील तर पन्नास किंवा त्याहून जास्तीचा पाहावा. मात्र नुसत्या अश्वशक्तीवर जाऊ नका. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही तेवढेच महत्त्वाचे. हलका ट्रॅक्टर जड ट्रॉलीपुढे चढाला तोंड वर करतो आणि उताराला ट्रॉलीच त्याला ढकलत नेते.

इंजिन गार असताना जा. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागले तर ते आधीच चालू करून ठेवले होते असे समजा. गार इंजिन किती लवकर लागते, यावर त्याची खरी तब्येत कळते. चालू झाल्यावर निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. भार नसतानाही काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर पाहायला हवा. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ब्रीदरमधून भपकारे येत असतील तर रिंग-लायनरचा खर्च जवळ आला म्हणायचा. तासांच्या मीटरवर विसंबू नका, तो बंद पडतो आणि बदलताही येतो. पेडलची झीज, हुकाचे भोक आणि पिन मात्र खोटे बोलत नाहीत.

रिकामी चक्कर ही परीक्षा नव्हे. भरलेली ट्रॉली जोडून चढावर न्या. इंजिन ओरडते पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट गेली आहे. भारावर किंवा उतारावर गिअर आपोआप सुटत असेल, तर किंमत कितीही कमी असो, तो ट्रॅक्टर सोडून द्या.

आता सर्वात महत्त्वाचे, म्हणजे ब्रेक. शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक जास्त वापरला जातो, म्हणून तो आधी झिजतो. दोन्ही पेडल पट्टीने जोडा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबा. ट्रॅक्टर एका अंगाला ओढला तर दुरुस्तीशिवाय घेऊ नका. आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचा सारा भार ट्रॅक्टरनेच थांबवायचा असतो. उताराला ट्रॉली आडवी फिरली की ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा, टॉप लिंकला कधीही नाही. हूक, ॲक्सल आणि हाऊसिंगवर वेल्डिंगची ठिगळे आहेत का, तेही पाहा.

कागदपत्रे. इंजिन नंबर आणि चासी नंबर आर. सी. बुकाशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परजिल्ह्यातला ट्रॅक्टर असेल तर ना-हरकत दाखल्याचीही चौकशी करा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खरेदीदाराने तीस दिवसांत नोंद बदलून घ्यायची असते. 'करू की सावकाश' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे : अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावाची नोंद असेल, तोच भरपाईपुरता मालक धरला जातो. म्हणजे विकणाराही यातून सुटत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही बघा. शेतीकामाचा विमा भाड्याच्या ऊस वाहतुकीला चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

शेवटी हिशेब. आपला मिस्त्री बरोबर न्या, त्याची मजुरी द्या. टायर, क्लच, ब्रेक, इंजिन यांचा जो खर्च तो सांगेल, तो सांगितलेल्या किमतीत मिळवा आणि मग दुसऱ्या ट्रॅक्टरशी ताडून पाहा. पुष्कळदा 'स्वस्तातला'च महाग पडतो.

ट्रॅक्टर ओढतो किती, हे सगळेच विचारतात. थांबतो कसा, हे विचारणारा सभासद आम्हाला जास्त शहाणा वाटतो. कारण त्या सीटवर बहुधा आपलाच मुलगा बसणार असतो.