बुलेट आणि येझदी : जुन्या गाडीची पारख



ऊसनोंदीसाठी शिवार फिरताना कित्येक वस्त्यांवर गोठ्याच्या आडोशाला, गोणपाटाखाली उभी असलेली जुनी बुलेट किंवा येझदी आमच्या दृष्टीस पडते. अलीकडे या गाड्यांची हौस पुन्हा वाढली आहे. कोणी वडिलांची गाडी दुरुस्त करून घेतो, कोणी ऊसबिल हाती पडताच जुनी गाडी शोधू लागतो, तर कोणी घरची गाडी भंगाराच्या भावात देऊन मोकळा होतो. तिघांनाही उपयोगी पडावी म्हणून ही तुलना देत आहोत.

घराणे : बुलेट मूळची इंग्लंडची. सैन्याला तिची गरज पडली आणि १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाचा जन्म झाला. येझदीचे मूळ चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीत आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०-६१ च्या सुमारास जावा तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचे नाव येझदी झाले. तो कारखाना १९९६ साली बंद पडला.

ओढ व चाल : बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, चार स्ट्रोकचे. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर, धाव मात्र ९० मिलिमीटर. धाव लांब असल्याने इंजिन सावकाश फिरत असतानाही ओढ भरपूर मिळते; मागे माणूस आणि खताचे पोते असले तरी गाडी दम सोडत नाही. येझदीचे इंजिन सुमारे २५० सीसीचे, दोन स्ट्रोकचे. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून सुटे भाग कमी. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, ही तिची खूण. अंगाने हलकी असल्याने चिखलाच्या पाणंदीतून ढकलून काढता येते. थोडक्यात, बुलेट नांगराचा बैल, तर येझदी चपळ खोंड.

सुरू करणे : बुलेटला किक मारण्याआधी अँमीटरचा काटा मध्यावर आणावा, डीकॉम्प्रेसर ओढून किक थोडी पुढे न्यावी, तो सोडावा आणि मगच पूर्ण किक मारावी. घाई केली तर किक उलटी बसते आणि पाय दुखावतो. येझदीत गियरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते.

सर्वांत महत्त्वाची सूचना : जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला असतो. येझदीचे याच्या उलट. रोज नवी गाडी चालवणारा गडी एकदम जुन्या बुलेटवर बसला तर ऐनवेळी ब्रेक समजून गियर दाबतो. मोकळ्या रानात सराव झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. पोरांना तर मुळीच देऊ नये.

तेल : येझदीला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, विसरले तर पिस्टन जाम झालाच. घाट उतरताना रेस पूर्ण बंद ठेवली तर तेलही कमी पोचते, म्हणून मधूनमधून थोडी रेस द्यावी. सायलेन्सरमध्ये साचणारी काजळी वेळच्या वेळी काढावी. बुलेटच्या इंजिनाचे, गियरबॉक्सचे आणि क्लचकडील चेनकेसचे तेल वेगवेगळे तपासावे.

कागद : रंग आणि चकाकी पाहून भुलू नये. इंजिन व चासीचे नंबर नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावेत. खासगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज शेतावर जायचे असेल तर हा विचार आधी करावा.

आमचे मत विचाराल तर ओझे आणि लांबचा पल्ला असेल त्याने बुलेट घ्यावी; हलकी, कमी भागांची गाडी हवी असेल त्याने येझदी. संग्रहासाठी मात्र नावापेक्षा मूळ भाग आणि चोख कागद पाहावेत. बेणे निवडताना आपण कांडीचा रंग बघत नाही, डोळा बघतो. जुन्या गाडीचेही तसेच आहे. आणि घरात अशी गाडी असेल तर तिचे नोंदणीपुस्तक आधी शोधून ठेवावे. ते हाती येईपर्यंत गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये, ही सर्व सभासदांना विनंती.