मोडीच्या भावात

गावाकडचे घर विकायचे ठरले की भाऊबंद जमायच्या आधी मोडवाला येतो. त्याला बातमी कुठून लागते देव जाणे. ओटीवर वजनकाटा मांडला जातो, माळ्यावरून हंडे, घंगाळी, पराती उतरतात. तांबे एकीकडे, पितळ दुसरीकडे, लोखंड अंगणात. संध्याकाळपर्यंत तीन पिढ्यांचा संसार किलोवर निकालात निघतो. यात मोडवाल्याची लबाडी म्हणावी असे काही नाही. तो धातू घेतो आणि धातूचेच पैसे देतो. वस्तू काय आहे हे पाहायचे काम घरच्यांचे. ते कोणी केलेले नसते.

याउलट एखाद्या उत्साही भाच्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलेले असते आणि त्याच्या मते आजोबांच्या डब्यातला प्रत्येक रुपया लाखाचा असतो. मोडवाला वजनावर भाव करतो, भाचा वयावर. वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून कोणीच पाहत नाही.

वयाचा भ्रम सर्वांत लवकर उतरतो तो नाण्यांपाशी. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा 1862 सालचा रुपया पुष्कळ घरांत निघतो. निघणारच. टांकसाळींनी 1862 हेच साल कायम ठेवून 1874 पर्यंत रुपये पाडले. मागच्या बाजूच्या बारीक टिंबांवरून संग्राहक त्याचे प्रकार पाडतात आणि त्यांतले मोजके प्रकार चांगली किंमत घेतात. बाकीच्यांना चांदीच्या भावापेक्षा थोडेच जास्त मिळते. रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, त्यात चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 च्या रुपयात ती उरलीच नाही. म्हणजे आजीच्या गाठोड्यातल्या रुपयांची पहिली वाटणी साल पाहून करायची.

1911 चा रुपया निघाला तर मात्र थांबावे. पंचम जॉर्जच्या झग्यावर गळ्यातल्या माळेत एक हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली. पाडलेल्या सुमारे 94 लाख रुपयांपैकी 7 लाखांच्या आसपासच चलनात गेले होते. उरलेले वितळवले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा हत्ती कोरला. घरात निघणाऱ्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ असते, पण ती शिवाजी महाराजांच्याच काळातली असे धरून चालू नये. ही नाणी पेशवाईतही पडत राहिली आणि पुढे इंग्रजी अमलातही फिरत होती. आणखी एक: नाणे घासू नये. राखेने लखलखीत केलेल्या नाण्याची निम्मी किंमत त्या राखेत जाते. जुनी नाणी लाखोंना घेण्याच्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते, म्हणून बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर खुलासा करावा लागला, हेही भाच्याच्या कानावर घालावे.

भांड्यांकडे वळू. जुन्या घडीव हंड्याच्या पोटावरून बोट फिरवले की एक दातेरी जोड लागतो. पत्र्याच्या दोन कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि पितळेने झाळायचे, अशी ती रीत. तांब्याच्या तांबूस अंगावर त्या जोडाची पिवळसर नागमोडी रेघ उजेडात स्पष्ट दिसते. यंत्रावर ओढलेल्या भांड्याला जोड नसतो. आत गोल गोल रेघा असतात. बाहेरचे ठोके हा मात्र पुरेसा पुरावा नाही. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत आजही मठारकाम चालते. ठोक्यांनी मऊ तांबे ताठ होते आणि चमकही येते. ठोके असलेला तांब्या गेल्या महिन्यातला असू शकतो, आणि तरी उत्तम असू शकतो.

मराठी घरांतल्या भांड्यांना एक सोय आहे, ती म्हणजे नाव घालण्याची आपली जुनी खोड. कोणी दिले, कोणाच्या लग्नात, कधी, हे सगळे काठावर कोरलेले सापडते. शके दिलेले असेल तर त्यात 78 मिळवावेत. शके 1846 म्हणजे इसवी सन 1924-25. टिंबाटिंबांनी हाताने ठोकलेली अक्षरे आणि विजेच्या लेखणीने थरथरत ओढलेली अक्षरे साध्या डोळ्यांनाही वेगळी दिसतात. सजावटीसाठी भांडी घेणाऱ्याला या नावाचे काही वाटत नाही. पण तारीख, नाव आणि गाव अंगावर घेऊन आलेली वस्तू अभ्यासकाला मुक्या वस्तूपेक्षा कितीतरी अधिक सांगते, आणि माझ्या मते वाटणीतही असली भांडी सर्वांत शेवटी हलवावीत.

असल्या रोजच्या वस्तूंना संग्रहालयाची योग्यता आहे हे दिनकर गंगाधर केळकरांनी ओळखले. 1920 च्या सुमारास सुरू केलेला अडकित्ते, वजऱ्या, दिवे, दौती यांचा संग्रह त्यांनी बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावे उभा केला आणि 1975 मध्ये राज्य सरकारला दिला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. आपल्या घरातला अडकित्ता कोणत्या घडणीचा आहे हे पाहायला पुण्यातल्या या संग्रहालयाची एक फेरी पुरते. बाजारात मोर-घोड्यांचे अडकित्ते नव्याने ओतून मळवलेलेही मिळतात. त्यांचे पाते झिजलेले नसते. आणि सुपारी न फोडलेला अडकित्ता शंभर वर्षे घरात कशाला राहील?

चांदीची म्हणून जपलेली विलायती चमचे-किटली उलटी करून पाहावी. ‘ई.पी.एन.एस.’ ही इंग्रजी अक्षरे असतील तर आत तांबे, जस्त आणि निकेल, वर चांदीचा मुलामा. रॉकेलच्या स्वीडिश ‘प्रायमस’ स्टोव्हवर सालाचे अक्षर असते. त्याची सुरुवात 1911 मध्ये ‘ए’ने झाली. पितळी कर्ण्याचा, कुत्र्याची पट्टी लावलेला झळझळीत ग्रामोफोन घराच्या माळ्यावर सहसा सापडत नाही, चोरबाजारात सापडतो, आणि बहुतेक वेळा तिथेच जुळवलेला असतो.

देवघराच्या भिंतीवरची तसबीर मात्र भिंग घेऊन पाहण्यासारखी. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. 1972 च्या आगीत तो जळाला. म्हणजे रविवर्म्यांचे 1906 मध्ये निधन झाल्यावरही त्यांची लक्ष्मी-सरस्वती छापली जात राहिली, आणि नंतर इतरांनी केलेल्या नकलांना तर गणती नाही. खालच्या पट्टीवरचा पत्ता आधी वाचावा: मुंबई, की कार्ला-लोणावळा. पट्टी चौकटीसाठी कापलेली असेल तर किंमत तिथेच उतरते. मग भिंग. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि त्या दगडावर कारागिराने हाताने टिपलेले ठिपके. लक्ष्मीच्या गालावर ते लहानमोठे, विखुरलेले दिसतात. ऑफसेटच्या छपाईत तेच ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत असतात. त्यावर टिकल्या, जर, कापड शिवलेले असेल तर घरातल्या कोणा बाईने किंवा दुकानदाराने चढवलेला साज म्हणून काढून टाकू नये. त्यालाही संग्राहक आहेत. रविवर्म्यांच्या छापखान्याआधीचे पुण्यातले नाव म्हणजे 1878 ची चित्रशाळा. तिची शिवछत्रपती आणि रामपंचायतनाची चित्रेही अशीच घरोघर होती.

पैठणीला आग लावण्याची एक रीत होती. जर मोडून घेणारे लोक साडी जाळून राखेतून चांदी काढत; घरातल्या बायकांनाही पैसे रोख मिळत. कितीतरी असावली वेलींचे पदर असे गेले. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहावा: नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. अशी साडी जीर्ण असली तरी जरीच्या वजनावर देऊ नये.

आता कायदा, थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. 1972 चा कायदा 1976 पासून अमलात आहे. त्याखाली दगड वा धातूच्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पाठवायची असेल तर ती तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा. हस्तिदंत कितीही जुना असो, विकता येत नाही. घरगुती वापराची भांडी विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, पण दागिने, चित्रे, शिल्पे या सवलतीत येत नाहीत.

सर्वांत कमी भाव येतो कागदांना, आणि माझी तक्रार तिथेच आहे. मोडीतल्या चोपड्या, रुमालात बांधलेली पत्रे, वाटणीचे दस्त हे सगळे वाचता येत नाही म्हणून रद्दीत जाते. वि. का. राजवाड्यांना वाईत मिळालेल्या अशाच पत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, आणि 1910 मध्ये त्यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही पुण्यात आहे. कागद ज्या रुमालात सापडले त्यातच राहू द्यावेत, त्यांचा क्रम मोडू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण चढवू नये. मोडी जाणणाऱ्याला दाखवून मगच वाटणीला बसावे. जुन्या वाटणीपत्रांत हंडे, घंगाळी, समया यांची नावनिशीवार यादी असते. कोणता जिन्नस कोणाच्या वाट्याला गेला हेही त्यात लिहिलेले असते. माळ्यावरून उतरवलेल्या ढिगाशी ती यादी ताडून पाहता येते, पण मोडवाल्याचा टेम्पो निघायच्या आधी.