दोन आटे बसले, तिसरा अडला

संपादकांनी पाठवलं होतं पवई तलावावर. सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून काठावर गळ टाकून बसणाऱ्या मंडळींवर लिहायचं होतं. तिथल्या एका गृहस्थांनी सहज आपला रॉड माझ्या हातात दिला आणि मासे, पाणी, पहाट सगळं बाजूला राहिलं. रॉडची मूठ बुचाची होती. अंगठा टेकतो तिथे किंचित बारीक, करंगळीकडे पुन्हा भरत गेलेली. हात तिच्यावरून काढवेना. "अशी दुकानात मिळत नाही," ते म्हणाले. "भांडुपला एक काका आहेत, ते करून देतात."

काकांची शेड पत्र्याची, जेमतेम दहा बाय बारा. सगळं आयुष्य टूलरूममध्ये टर्नर म्हणून गेलं. निवृत्तीच्या पैशातून एक जुना लाकूडकामाचा लेथ घेतला आणि आता गरवणाऱ्यांसाठी मुठी करतात. गरवणं हा कोकणातला शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. लहानपणी खाडीवर बांबूच्या काठीला गरी बांधून बसायचे, ते वेड मुंबईतही सुटलं नाही.

मूठ कशी होते ते त्यांनी पहिल्यापासून दाखवलं. बुचाच्या चकत्या येतात, अर्धा इंच जाड, सव्वा इंच व्यासाच्या, मधोमध पाव इंचाचं भोक. बूच म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक जातीच्या झाडाची साल. झाड तोडत नाहीत, दर नऊ वर्षांनी साल तेवढी सोलून घेतात. एक फुटाच्या मुठीला चोवीस चकत्या लागतात. लोखंडी सळईला मेण चोळायचं, म्हणजे गोंद तिला धरत नाही. चकत्या एकीला एक चिकटवत सळईवर ओवायच्या, दोन्हीकडून आवळून रात्रभर ठेवायच्या. सकाळी सळईचं एक टोक चकमध्ये धरायचं, दुसऱ्याला टेलस्टॉकच्या फिरत्या सेंटरचा टेकू द्यायचा आणि लेथ चालू करायचा. हत्यार लावायचं नाही, बूच फाटतं. आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. तांबूस भुकटी काकांच्या भुवयांवर साचत जाते आणि त्या ओबडधोबड चळतीतून मूठ वर येते.

पण मला धरून ठेवलं ते चकनेच.

चक म्हणजे लेथचा पंजा. त्याला तीन जॉ, म्हणजे जबडे, असतात. चावी एकाच ठिकाणी फिरवली तरी तिन्ही जॉ एकदम, सारख्याच अंतराने मध्याकडे सरकतात. अमेरिकेत सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये या प्रकारच्या चकचं पेटंट घेतलं आणि त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी पुढे ती रचना सुधारून बाजारात रुजवली. इतिहास एवढाच पुरे. काकांनी एक चक खोलून टेबलावर मांडला, तो मला जास्त सांगून गेला. आत एक जाड गोल तबकडी. तिच्या तोंडावर कोरलेली चक्राकार नाळ, डास पळवण्याच्या उदबत्तीसारखी आतून बाहेर उलगडत गेलेली. हिला स्क्रोल म्हणतात. जॉच्या पाठीवरचे दात या नाळेत बसतात. चावीने स्क्रोल फिरला की दात नाळेतून पुढे सरकतात आणि जॉ त्यांच्याबरोबर.

जॉवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. तिन्ही दिसायला सारखे, पण प्रत्येकाचे दात आधीच्यापेक्षा नाळेच्या दोन वेढ्यांतल्या अंतराच्या एक तृतीयांशाने पुढेमागे असतात. नाळेचं तोंड पहिल्या खाचेत डोकावलं की एक नंबरचा जॉ सारायचा, मग फिरवून दोन, मग तीन. क्रम चुकला तर जॉ मध्यावर भेटतच नाहीत. काकांनी मुद्दाम चुकवून दाखवलं. दोन जॉ एकमेकांना टेकले आणि तिसरा लांबच राहिला. मग बरोबर क्रमाने बसवले. तीन टोकं एका बिंदूवर आली, तेव्हा दीडशे वर्षांहून जुनी ही युक्ती मला देवळाच्या शिखराइतकी देखणी वाटली. असं वाटण्याची मला लाज वाटत नाही.

स्वस्तातला चक निवडायला लोक काकांकडे येतात ते एकच प्रश्न घेऊन: आउट किती फिरतो? म्हणजे धरलेली सळई मध्यापासून किती सरकते. काकांचं म्हणणं, मुठीसाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. सळई मध्यापासून मिलिमीटरचा दहावा भाग सरकली, डायलवर काटा दुप्पट फिरलेला दिसला, तरी बूच फिरता फिरताच गोल होतं. बाहेरचा गोल आणि आतलं भोक यांत फरक पडतो तो तेवढाच. बुचाच्या दहा मिलिमीटर जाडीत तो कुठे शोधणार? फरक जाणवतो तो अर्धवट झालेली मूठ काढून, उलटी करून पुन्हा धरली तर. मग दोन्ही बाजू भेटतात तिथे पायरी येते आणि अंगठ्याला ती लगेच कळते. म्हणून काका एकदाच धरून मूठ पुरी करतात.

"पैसे आरपार भोकासाठी घाला," ते म्हणतात. समुद्रकाठी गरवायचा रॉड दहा-बारा फुटांचा, त्याची मागची मूठ लांब. छोट्या लेथचा पलंग दीड फुटाचा, त्यातली बरीच जागा चक आणि सेंटरच खातात. भोक आरपार असेल आणि चक चढतो तो लेथचा स्पिंडलही पोकळ असेल, तर सळई चकमधून हेडस्टॉकच्या आत घालता येते. बाजारात ८० मिलिमीटरचा जो छोटा चक सर्रास मिळतो त्याचं भोक १६ मिलिमीटर, १०० च्या चकचं २२. सळईला दोन्ही पुरतात. रॉडची कार्बनची नळीच आत घालायची असेल तर मोठा घ्यावा. मात्र नळीवर पोलादी जॉ कधी आवळायचे नाहीत, ती पोकळ असते, चिरते. टेप गुंडाळून किंवा फटीची नायलॉनची बुश घालून हलक्या हाताने धरायची. नुसती पाव इंची सळई धरायची आणि मूठ आखूड असेल, तर चक घेऊच नका, असंही काका सांगतात. टेपर शँकचा ड्रिल चक मागून बोल्टने ओढून धरला की काम भागतं. बोल्ट नसेल तर धक्क्यांनी टेपर सुटतो आणि चक अंगावर येतो.

जुना चक घेताना ते खिशातून एक नवा ड्रिल काढतात. त्याचा शँक चकमध्ये धरून हलवून बघतात. जॉ तोंडाशी झिजलेले असले तर पकड फक्त आत राहते आणि लांब सळईचं टोक डुलतं. शिवाय स्क्रोल कारखान्यात रोज ज्या मापाचा जॉब धरला गेला तिथेच झिजतो. त्यामुळे एका मापाला सरळ फिरणारा चक दुसऱ्या मापाला फसवतो. तीन मापं धरून बघायची. चावीची भोकं तीन असतात, त्यांतल्या एकाजवळ खूण असेल तर दर वेळी तिथूनच आवळायचं. सगळ्यात महत्त्वाचं, चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. हे सांगताना काकांनी उजव्या तर्जनीचं तुटकं टोक पुढे केलं. टूलरूममधला पहिला महिना होता तो.

इथपर्यंत मला वाटलं होतं की लेख झाला. मग काका म्हणाले, "आता माझी अडचण बघा."

त्यांनी गेल्या वर्षी नवा, स्वस्त चक मागवला होता. विक्रेत्याने लिहिलं होतं, एक इंच व्यास, इंचात आठ आटे. काकांच्या लेथच्या स्पिंडलवरही एक इंच, आठ आटे. चक दोन आटे बसला, तिसऱ्याला अडला. जोर लावला तर आणखी थोडा गेला आणि फिरवल्यावर दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. कारण त्यांनी गेजची पातळ पट्टी लावून दाखवलं. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्याचा ६०. एक इंच व्यासाला दोघांतही इंचात आठच आटे, म्हणून कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आट्याची कड आट्याच्या कडेवर बसते. शिवाय चकला मध्यावर आणतात ते आटे नव्हेतच. ते फक्त ओढून धरतात. मध्य ठरतो स्पिंडलच्या खांद्यावर, आणि चक तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

विक्रेत्याने परत घेतला नाही.

उपाय आहे. बिडाची बॅकप्लेट आणायची, तिला या स्पिंडलचे ५५ अंशांचे आटे पाडायचे, याच लेथवर चढवून तिचं तोंड तिथेच मारायचं आणि मागून बोल्टने बसणारा चक तिच्यावर आवळायचा. प्लेटचा उंचवटा केसभर सैल ठेवला तर लाकडी हातोड्याने ठोकत, डायल बघत, स्वस्त चकही नेमका मध्यावर आणता येतो. पण व्हिटवर्थचे आटे बोअरमध्ये पाडून देणारा माणूस हवा. काका नागदेवी स्ट्रीटला तीन फेऱ्या मारून आले. दुकानदार एम-३३ ची तयार प्लेट दाखवतात, ती घाला म्हणतात. शेजारच्या गल्लीतला एक कारागीर हे काम करायचा. त्याच्या गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. दुसऱ्याकडे सीएनसी मशीन आहे. त्याला एक नग परवडत नाही, पन्नास आणा म्हणतो.

काकांच्या हातात ही विद्या आहे. पण त्यांचा लेथ लाकूडकामाचा. त्याला ना आटे पाडायचा गिअर, ना लीडस्क्रू. ज्या टूलरूममध्ये हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं तिचं फाटक त्यांच्यासाठी बंद झालंय. काही दिवस मला हे सारखं टोचत राहिलं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या एकाला फोन केला. तो म्हणाला, प्लेट पाठवा, स्पिंडलही पाठवा, त्याच्यावरच माप घेऊन पाडतो. स्पिंडल काढायचा म्हणजे लेथ बंद. काकांपुढे पाच मुठी अर्धवट पडल्या होत्या आणि पावसाळ्याआधी त्या द्यायच्या होत्या.

हे सांगायला मी पुन्हा शेडवर गेलो. निघालो तेव्हा काका ड्रिल चकमध्येच एक आखूड मूठ फिरवत होते. नवा चक खिडकीच्या कठड्यावर होता, वरचं कारखान्याचं ग्रीस अजून पुसलेलं नव्हतं. "पाच झाल्या की स्पिंडल काढतो," ते म्हणाले आणि पेपरची घडी मोडून नवी बाजू बुचाला लावली.