कड्याबाहेरची पावलं

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. 1934 साली प्रभातने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट केला. चित्रकार होते रघुनाथ केळकर. जंबूक म्हणजे कोल्हा. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात, त्यामुळे असा कोल्हा पळवायचा तर त्याचं पाऊलन् पाऊल हातानं काढावं लागतं.

हा चौकटींचा हिशेब डोक्यात ठेवून कार्टूनमधली एक जुनी गंमत पाहू. पात्र धावत कड्याच्या बाहेर जातं, हवेत थांबतं, खाली बघतं आणि मगच कोसळतं. अमेरिकी कार्टूनकार चक जोन्सचा कोयोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, 1949 पासून असाच पडत आला आहे.

चित्रकाराला गुरुत्वाकर्षण ठाऊक नव्हतं, असं मुळीच नाही. आधार सुटलेली वस्तू पहिल्या चौकटीत जेमतेम 8-9 मिलिमीटर खाली येते; 12 चौकटींत सव्वा मीटर, 24 चौकटींत जवळजवळ 5 मीटर. इकडे आपली नजर नव्या हालचालीकडे वळायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे पाचेक चौकटी घेते. काय घडलं ते उमगायला आणखी वेळ लागतो. तोवर पात्र पडद्याखाली गेलेलं असेल, मग थेटरात हसणार कोण? हवेतला तो थांबा प्रेक्षकाच्या मेंदूसाठी राखून ठेवलेला वेळ आहे. न्यूटनला बाजूला सारून माणसाच्या डोळ्याचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळणं, ही मला फार मोठी कारागिरी वाटते.

शिवाय ते दृश्य आपल्याला पटतं, कारण आपली उपजत समजही तशीच आहे. 1980च्या दशकात मायकेल मॅक्लॉस्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना कड्यावरून सुटलेल्या चेंडूची वाट काढायला सांगितली. बहुतेकांनी वक्र रेषा काढली. पण काहींचा चेंडू आधी सरळ पुढे गेला आणि मग एकदम खाली पडला, अगदी कोयोटीसारखा! खरं तर कडा सुटताक्षणीच वाट वाकू लागते.

ही उपजत समज स्वतः तपासायची असेल तर लॉ कॉलेज टेकडीवर सपाट जागा बघून मुलांना पळता पळता खुणेवर चेंडू टाकायला सांगा. खूण पायाशी आल्यावरच हात सोडणारे बरेच निघतील. सेकंदाला 3 मीटर वेगाने धावताना कमरेच्या उंचीवरून, म्हणजे मीटरभरावरून सोडलेला चेंडू खुणेच्या सव्वा मीटरहून थोडा पुढेच पडेल.