आमच्या वेळची गाणी

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की शिक्षकदालनात एक वाद हमखास होतो. मुलांनी नाचासाठी निवडलेल्या गाण्यांची यादी टेबलावर येते आणि कोणीतरी म्हणतेच, "गाणी होती ती आमच्या वेळची. ही कसली गाणी!" गंमत अशी, की निवृत्तीला आलेले गुरुजी हे वाक्य १९८०च्या दशकातल्या गाण्यांबद्दल म्हणतात, पंचेचाळिशीचे गुरुजी १९९०च्या दशकाबद्दल आणि पस्तिशीच्या बाई २००५च्या आसपासच्या गाण्यांबद्दल. तिघेही मनापासून बोलत असतात. पण सुवर्णकाळ बोलणाऱ्याच्या जन्मसालाबरोबर सरकत असेल, तर तो गाण्यांचा म्हणायचा की ऐकणाऱ्याचा?

हा प्रश्न तपासून पाहता येतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. वर्गातली मुले, एक वही आणि आलेखाचा कागद एवढे पुरते. ते कसे करायचे याकडे शेवटी येऊ. आधी थोडा इतिहास पाहू, कारण तो आपल्याच भागातून गेलेला आहे.

लातूर जिल्ह्यातले देवणी हे कर्नाटकच्या सीमेला टेकलेले गाव. तिथल्या सत्तरी-ऐंशीतल्या आजोबांना जुन्या गाण्यांबद्दल विचारले, तर बहुधा सिनेमाच्या आधी रेडिओचे नाव निघेल, आणि त्यातही 'रेडिओ सिलोन'चे. कोलंबो देवणीपासून सरळ रेषेत सुमारे १३०० किलोमीटर दूर आहे. तरी तिथला आवाज इकडे येत असे, कारण ते प्रसारण लघुलहरींवर होते. या लहरी वर जाऊन वातावरणाच्या आयनांबर नावाच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आयनांबर स्थिर नसते, म्हणून आवाज मध्येच वर येई, मध्येच खरखरीत बुडून जाई. अनेकांच्या आठवणीत ती खरखरही गाण्याचाच भाग होऊन बसली आहे. तेच गाणे मोबाइलवर स्वच्छ ऐकवले, की त्यांना काहीतरी कमी वाटते.

सिलोनकडे लोक वळले त्यामागे एक घटना आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी आणि अभिजात संगीताचे जाणकार. चित्रपटगीते उथळ आहेत, लोकांची अभिरुची बिघडवतात, असे त्यांचे मत होते. ऑल इंडिया रेडिओवरचा या गाण्यांचा वेळ त्यांनी कमी केला. पुढे चित्रपटनिर्मात्यांशी वाद होऊन ती जवळजवळ बंदच पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज ऐकायला लोक रेडिओभोवती जमू लागले. सरकारला अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. गीतमाला मात्र सिलोनवर चालूच राहिली. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सयानी २०२४ मध्ये वारले, तेव्हा तीन पिढ्यांनी हळहळ व्यक्त केली.

केसकरांच्या निर्णयाची चेष्टा करणे सोपे आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९५०च्या दशकातली जी चित्रपटगीते आज सगळे 'सोने' मानतात, तीच त्या वेळच्या एका सुजाण, संगीत जाणणाऱ्या मोठ्या माणसाला मुलांच्या कानी पडू नयेत अशी वाटत होती. आज आपण मुलांच्या यादीबद्दल जे बोलतो, जवळपास तेच ते बोलत होते.

मग जुनी गाणी खरोखर चांगली नव्हतीच का? पुष्कळ होती. पण तुलना करताना आपण एक चूक करतो. खळ्यावरची रास आणि पाखडून कणगीत भरलेली ज्वारी शेजारी ठेवून, "यंदाच्या ज्वारीत कचरा फार" असे कोणी म्हणत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण अगदी तसेच म्हणतो. १९६० मध्येही ढीगभर सुमार गाणी आली होती. त्यांना कोणी पुन्हा वाजवले नाही, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली नाहीत. काळाचे सूप त्यांच्यावर फिरले. यंदाच्या गाण्यांवर ते अजून फिरायचे आहे.

एवढ्याने सगळे उलगडत नाही. पाखडण्याचाच प्रश्न असता, तर सर्वांना एकाच दशकातली गाणी आवडायला हवी होती. प्रत्येकाला आपल्याच तारुण्यातली का आवडतात?

अमेरिकेतील मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये या प्रश्नावर एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे त्यांनी १६ ते ८६ वर्षे वयाच्या १०८ लोकांना ऐकवले आणि आवडीप्रमाणे गुण द्यायला सांगितले. मग गाणे गाजले तेव्हा ऐकणाऱ्याचे वय किती होते, ते काढून आलेख मांडला. आवड तारुण्याबरोबर चढत गेली, चोविसाव्या वर्षाच्या आसपास शिखराला पोचली आणि नंतर उतरली. पुढच्या अभ्यासांत शिखराचे वय थोडे मागेपुढे झाले, काहींत ते थेट शाळकरी वयात आले. पण आलेखाचा आकार साधारण असाच राहिला.

असाच आकार मानसशास्त्रात आणखी एका ठिकाणी दिसतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातले कोणतेही प्रसंग आठवायला सांगा. अलीकडचे प्रसंग अर्थातच जास्त आठवतात. पण मागे जाताना आठवणी सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी मध्येच उंच उठतात. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिले. याला आपण 'आठवणींचा उंचवटा' म्हणू.

तो का तयार होत असावा? एक उत्तर मेंदूकडे बोट दाखवते. किशोरवयात मेंदूतील सुखाची, बक्षिसाची जाणीव देणारी केंद्रे विशेष संवेदनशील असतात. २००१ पासून मॉन्ट्रियल येथे झालेल्या प्रयोगांत दिसले, की आवडते गाणे ऐकून अंगावर काटा येतो तेव्हा हीच केंद्रे कामाला लागतात. २०११ मधील प्रयोगात तर असे आढळले, की डोपामिन हे रसायन त्या सुखाच्या क्षणी स्रवतेच, पण तो क्षण येणार या अपेक्षेनेही आधीच स्रवू लागते. ओळखीच्या गाण्यात "आता ती तान येणार" हे आपल्याला ठाऊक असते. ओळख नसेल तर वाट कशाची पाहणार? मुलांची नवी गाणी आपल्याला सपाट वाटतात, त्याचे एक कारण हेही असावे. आपण ती पुरेशा वेळा ऐकलेलीच नसतात.

दुसरे उत्तर असे, की या वयात सगळे पहिल्यांदा घडते. पहिली मैत्री, पहिले वसतिगृह, पहिला पगार, पहिले अपयश. आपण कोण आहोत हे माणूस याच वर्षांत ठरवतो आणि त्या ठरवण्याला गाणी चिकटतात. मराठवाड्यात याचे ठळक उदाहरण आहे. १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठ नामांतराच्या चळवळीत जी मुले तरुण झाली, त्यांना वामनदादा कर्डकांची गीते नुसती आवडत नाहीत. ती त्यांच्या 'मी कोण' या प्रश्नाच्या उत्तरात असतात.

या दोन उत्तरांपैकी खरे कोणते? वयाचा परिणाम आणि बदलाचा परिणाम वेगळा करायचा, तर ज्यांच्या आयुष्यात मोठा बदल उशिरा आला अशी माणसे हवीत. रॉबर्ट श्राउफ आणि रुबिन यांनी १९९८ मध्ये स्पॅनिशभाषक देशांतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या वृद्धांच्या आठवणी तपासल्या. जे पस्तिशीच्या सुमारास देश सोडून आले होते, त्यांचा उंचवटाही पुढे, स्थलांतराच्या वर्षांकडे सरकलेला होता. अभ्यासातली माणसे अगदी मोजकी होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण नुसते वय पुरेसे नाही, आयुष्याने घेतलेले वळणही मोजावे लागते, एवढे त्यातून सुचते. पुण्या-हैदराबादला कामासाठी गेलेली माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांना जरूर विचारून पाहा.

गाणे आठवणीला जोडले जाते ती जागा मेंदूत साधारण कुठे आहे, याचाही अंदाज आला आहे. पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना त्यांच्या ८ ते १८ या वयात गाजलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि त्याच वेळी मेंदूची छायाचित्रे घेतली. गाण्याने जुनी आठवण जागी केली, की कपाळामागचा मेंदूचा मधला भाग अधिक सक्रिय होई. अल्झायमर या विस्मृतीच्या आजारात हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. मुलांची नावे विसरलेली आजी जुने गाणे मात्र पूर्ण म्हणते, याचा उलगडा कदाचित इथे असेल.

आता थोडे विषयांतर, पण ते देवणीकरांना आवडेल. मराठीत आपण ज्याला स्मरणरंजन म्हणतो त्यासाठीचा 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात एका आजाराचे नाव होता. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बासेल येथे आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक भाषेत 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांना हा आजार जडतो असे मानत. आणि तो कशाने बळावे? गाईंना हाकारण्याच्या धुनेने! आल्प्समधले गुराखी गाई गोळा करताना जी धून वाजवत, ती परमुलखात चाकरीला असलेल्या स्विस सैनिकांपुढे वाजवायला बंदी होती, असे रूसो यांनी १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदवले आहे. ती ऐकून सैनिक रडत, पळून जात. वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तिन्ही प्रकारच्या देवणी गाई ज्यांनी लहानपणी राखल्या आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

रूसोंचे पुढचे निरीक्षण तर अडीचशे वर्षांनंतरही ताजे आहे. त्या धुनेत, ते म्हणतात, एवढा परिणाम घडवील असे काहीच सापडत नाही. परक्या माणसावर तिचा असर होत नाही. ती इथे संगीत म्हणून नव्हे, तर आठवणीची खूण म्हणून काम करते.

खूण म्हटली की ती गोडच असेल असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या जिल्ह्यात किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आदली रात्र गणेशविसर्जनाची होती. त्या रात्री मिरवणुकीत वाजलेले एखादे गाणे कुणाला आजही ऐकवत नसेल, तर त्यात नवल नाही. जुन्या गाण्यांचा उपक्रम घेताना हे ध्यानात असू द्या. कोणी सांगायला नको म्हटले, तर मुलांनी आग्रह धरू नये.

आता उपक्रम. इयत्ता आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने पंचेचाळिशी ओलांडलेल्या तीन माणसांना भेटावे आणि विचारावे, "आज निदान एक कडवे म्हणून दाखवता येईल अशी तीन गाणी सांगा." 'तुमच्या तरुणपणीची गाणी सांगा' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नातच उत्तर आहे. मग जन्मसाल विचारावे आणि ते गाणे सर्वांत जास्त कधी ऐकले तेही. सिनेमाचे साल घेऊन वजाबाकी करू नये. तंबूतला सिनेमा गावात यायला कधी कधी वर्षे लागत आणि रेडिओ तर जुनी गाणी पुन्हापुन्हा लावी, त्यामुळे प्रदर्शनाचे साल आणि ऐकण्याचे साल यांत अंतर पडते. ४० मुले, प्रत्येकी ३ माणसे आणि ३ गाणी म्हणजे ३६० नोंदी होतात. आडव्या अक्षावर पाच-पाच वर्षांचे वयोगट घ्या आणि प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका द्या. माणसांची नावे लिहू नका.

पंचेचाळिशीची अट का, हे मुलांनाच शोधू द्या. तिशीच्या माणसाचे सगळे ठिपके तिशीच्या आतच पडणार. अशी माणसे जास्त झाली, तर उंचवटा आपोआप दिसेल आणि तो खोटा असेल.

मग मुलांनी स्वतःची यादी करावी. त्यात त्यांच्या जन्माआधीची किती गाणी निघतात ते पाहा. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना २०१३ मध्ये अमेरिकन तरुणांमध्ये असे दिसले, की आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही त्यांच्या मनात आणखी एक उंचवटा करून असतात. बालपणी घरात जे वाजत होते, ते मुलांकडे आलेले होते. हेडफोन लावून प्रत्येक जण आपापले ऐकतो अशा घरांत हे किती टिकेल, ते तुमच्या वर्गाच्या नोंदींवरून थोडेफार कळेल.

काही आज्या एकही सिनेमाचे गाणे सांगणार नाहीत, ओवी सांगतील. ती नोंद गाळू नका. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, त्या अशाच विचारून. ओवीला साल नसते, म्हणून आजीला विचारायचे, "ही माहेरी शिकलात की सासरी?" त्यासाठी वहीत दोन रकाने पुरतील. काही जणी म्हणतील, शिकले नाही, मीच जुळवली. त्यांच्यासाठी तिसरा रकाना आखा. देवणीत एखादी ओवी किंवा गाणे कानडीत, तेलुगूत किंवा उर्दूतही निघेल. ते जसे ऐकू येते तसे देवनागरीत उतरवून घ्यावे आणि पुढे भाषेचे नाव लिहावे.