कॉल येईपर्यंत

चंद्रपूर-वणीकडचा कोळसा भरून हिंगणघाटवरून वर्धा-सेवाग्रामकडे येणाऱ्या मालगाड्यांना प्रवासी गाड्यांसारखं वेळापत्रक नसतं. म्हणून त्या चालवणाऱ्या लोको पायलटलाही ते नसतं. मेल-एक्स्प्रेसवाल्यांची ‘लिंक’, म्हणजे कोणती गाडी कधी चालवायची याचा क्रम, ठरलेली असते. मालगाडीवाला यादीत आपला नंबर कितवा, एवढंच पाहत राहतो.

पूर्वी कॉलबॉय सायकलवरून रेल्वे क्वार्टरवर यायचा, दार ठोठावायचा, वहीवर सही घ्यायचा. आता मोबाईल वाजतो. तिथून साधारण दोन तासांत लॉबी, म्हणजे हजेरीचं कार्यालय, गाठायची, श्वासचाचणी द्यायची, कॉशन ऑर्डर (कुठे वेग कमी ठेवायचा याची सूचना) समजून घ्यायची आणि साइन ऑन करून ड्यूटीवर रुजू व्हायचं.

वर्ध्यात अशाच एका लोको पायलटच्या घरी मी एक दुपार बसलो. खिडक्यांना जाड पडदे, दारावरची बेल बंद, मुलं कुजबुजत खेळत होती. घरधनी झोपायला आत गेले ते नंबर चौथा होता म्हणून. रात्री आठच्या सुमारास गाडी मिळेल असा हिशेब. संध्याकाळी उठले तर दोन रेक अडकलेले आणि नंबर जिथल्या तिथे. आता झोप झालेली, काम नाही. बाजारात जावं तर कॉल येईल, पडून राहावं तर डोळा लागत नाही. असा कॉल अनेकदा मध्यरात्रीनंतर येतो, नेमका डोळे जड झाल्यावर. घरून निघताना दोन वेळचा डबा बरोबर, कारण बल्लारशाहच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे मुक्कामाच्या जागी, कधी पोहोचणार हे बाजूच्या लूप लाइनवर किती थांबावं लागेल यावर ठरतं.

“लग्नाचं बोलावणं आलं का आम्ही ‘येतो’ नाई म्हणत, ‘पाहू’ म्हणतो,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

अशा रात्री गाडी चालवताना पहाटेच्या वेळी इंजिनात लोको पायलटकडून मिनिटभर काहीच हालचाल झाली नाही, तर व्हिजिलन्स यंत्र दिवा लावतं, बझर वाजवतं. तरी प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतो. यंत्र डुलकी पकडतं, पण ती ज्या वाया गेलेल्या दुपारमधून आली तिची नोंद कुठेच नसते. रनिंग भत्ता किलोमीटरवर मिळतो आणि ड्यूटी साइन ऑनपासून मोजली जाते. फोन उशाशी ठेवून काढलेले तास कागदावर विश्रांतीच ठरतात.

नियम आहेत. मुख्यालयी परतल्यावर, आठ तास किंवा अधिक ड्यूटी झाली असेल तर १६ तासांची विश्रांती. शिवाय महिन्यातून चार वेळा ३० तासांची किंवा पाच वेळा २२ तासांची नियतकालिक विश्रांती. हे १६ आणि ३० तास जोडून सलग ४६ तास मिळावेत, ही लोको पायलटांची जुनी मागणी आहे. तुलनाच करायची तर वैमानिकांसाठी १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. राखीव ड्यूटीवरचा वैमानिकही फोनकडे डोळे लावून बसतो, पण त्याची राखीव वेळ कधी सुरू होते आणि कधी संपते, हे त्याला आधी कळवलेलं असतं.

मालगाडीचं वेळापत्रक मिनिटावर आणणं अवघड आहे, हे मान्य. पण उद्या कोणत्या आठ तासांत कॉल येऊ शकतो आणि कोणत्या तासांत येणारच नाही, एवढं सांगणं संगणकाच्या काळात अशक्य नाही. झोपायचं कधी हे माणसाला कळलं, तरच त्या १६ तासांना विश्रांती म्हणता येईल. रेल्वेने सुरुवात इथून करावी.